बंद केल्यावर

परवा प्रॅक्टिकल. रात्रीचे दोन.
साखर पेठेत एक माग अजून चालू आहे,
खटक् खट्, खटक् खट्,
त्यातच मी धरू बघते पहिला ठोका, दुसरा ठोका,
आणि दुसऱ्यामागची ती बारीक फुंकर
जी आज दुपारपर्यंत मला कधी ऐकूच आली नव्हती.

महाधमनीची झडप. तीन पाकळ्या.
रक्त पुढे गेलं की मिटायचं, एवढंच काम.
नीट मिटल्या नाहीत तर गेलेलं थोडं माघारी येतं
डाव्या कप्प्यात, तेही ऐन त्याच्या विसाव्याच्या वेळी.
पुस्तकात चार पानं आहेत. तीनदा वाचली.
पिवळा मार्कर संपला.

समजलं ते अप्पांकडून.
अप्पा महापालिकेत चावीवाले.
आमच्या गल्लीला पाचव्या दिवशी पाणी येतं ते त्यांच्या हातून,
आणि नाही आलं तर शिव्याही त्यांनाच.
जेवताना विचारलं, वॉल्व्ह गळतोय हे कळतं कसं?
भाकरी मोडत म्हणाले,
"पाणी सुटलेलं असताना काय बी कळत नसतंय.
बंद कर. मग चावीच्या दांड्याला कान लाव.
गप्प पाहिजे तिथं
सुऽऽ असं येतंय बघ."
मग चटणीकडे हात नेत,
"आणि आवाज बारका म्हणून गळती बारकी समजू नको."
वहीत उतरवलं. संदर्भ : अप्पा.

वॉर्ड नऊ, खाट सतरा. नरसम्मा गज्जम.
वय त्रेपन्न, त्यातली चाळीस वर्षं विड्या.
अकराव्या वर्षी घसा धरला, मग गुडघे, मग मनगटं.
ताप आला, गेला. शाळाही गेली.
दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, असं कुणी लिहून दिलंही असेल.
नेणार कोण होतं?
हृदय मात्र तेव्हापासून
माघारी आलेलं पुन्हा पुढे ढकलतंय,
छाट होऊन आलेल्या विड्या सोडून पुन्हा वळाव्यात तसं,
आणि त्या कामाने मोठं मोठं होत गेलंय.
नाडी उसळते आणि लगेच ढासळते.
वरचा एकशे साठ, खालचा पन्नास.

दर ठोक्याला तिची मान किंचित हलते.
या लक्षणाला एका परदेशी कवीचं नाव आहे,
तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.
मी विचारलं, दम लागतो? मान हलली.
रात्री उठून बसावं लागतं? हलली.
पायाला सूज? हलली.
तीनदा 'हो' लिहिलं. मग एक खोडलं,
मग कळेना, कुठलं खोडायला हवं होतं.
लग्नाच्या वेळी हिला कुणी विचारलं असेल का,
आणि काय समजलं असेल?

परीक्षेसाठीच तिला थांबवून घेतलंय.
तीसेक जणांनी तरी ऐकलं असेल आत्तापर्यंत.
मी स्टेथोस्कोप टेकवायच्या आधीच म्हणाली,
"फुडं वाकू काय म्याडम? श्वास सोडून धरायचं की?"
आणि वाकली, सोडला, धरला.
छातीच्या हाडाच्या डाव्या काठाला, तिसऱ्या फटीत
मी दांड्याला कान लावला.
पंखा, ट्रॉली, शेजारच्या खाटेवरचा खोकला
सगळं लांब गेलं,
आणि गप्प पाहिजे तिथं
आली.
बारीक, ओसरत जाणारी, अगदी अप्पा म्हणाले तशी.
पुन्हा आली. पुन्हा.
मी मोजत राहिले, हसलेसुद्धा असेन,
आणि 'आता घ्या श्वास' म्हणायचं
विसरले.

ती धरून बसली होती.