कर्ता

अहवालाच्या तिसऱ्या रकान्यात
ओर्तेन्सियांनी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलंय:
‘पहाटे ४.१० वाजता औषध दिले गेले.’
दिले गेले.
जणू औषध आपलं आपण उठलं,
ट्रेमधून उतरून सात नंबरपर्यंत चालत गेलं
आणि एलेउतेरियो बार्रियांच्या शिरेत शिरलं.

वाल्दिव्हियात जुलै म्हणजे लाकडाचा धूर.
केसांना, मास्कलासुद्धा त्याचा वास.
नदीकाठच्या मासळीबाजारातून समुद्रसिंह भुंकत होते.
म्हातारा जागाच होता. म्हणाला,
“साठ वर्षं त्यांच्यासमोर होड्या बांधल्या,
एकानेही कधी फळी धरली नाही.”
मी हसले.
हसता हसता ड्रॉवर उघडला.

दोन कुप्या. दोन्हींतलं पाणी पाण्यासारखं.
एक नळी धुवायच्या सलाइनची,
दुसरी पोटॅशियमची.
लेबलं निळीच, एक जरा जास्त निळं.
मार्चमध्ये मी हे बोलले होते. तोंडी.
तोंडी बोललेलं इथे भिंती ऐकतात,
आणि भिंतींना सही करता येत नाही.
हे लिहायचं का? लिहायचंच.
पण आधी नाही.
ड्रॉवरच्या आड उभं राहून नाही.

खोडरबर घेते.
‘माझ्याकडून चूक झाली.’
हे वाक्यही तसं सभ्य चोरच:
चूक कुठून तरी आली,
जाता जाता माझं दार उघडं दिसलं तिला.
पुन्हा खोडते. कागद फाटायला येतो.
‘मी कुपी वाचली नाही. मी औषध दिलं.’
एवढंसं, आणि सतरा वर्षांची नोकरी
त्यापुढे लुटुपुटूची वाटायला लागते.

ओर्तेन्सिया म्हणतात, “प्रकृती खालावली, असं लिही.
खालावली तर होतीच की.”
त्या वाईट नाहीत.
त्यांच्याकडे बावीस खाटा आहेत आणि नर्सा तीन.

रोसाल्बा बाकावर बसलीय,
मांडीवर वडिलांचे बूट, एका बुटात घड्याळ.
मी सांगते. कर्त्यासकट.
ती ओरडेल म्हणून अंग घट्ट करून उभी होते.
ती विचारते, “त्यांना कळलं?”
नाही, म्हणता आलं असतं.
“हात पोळतोय म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं.”
ती बूट उचलते आणि जाते.
क्षमा मी मागितली नाही.
ती गरज माझी होती,
तिच्या मांडीवर आधीच पुरेसं ओझं होतं.

चौकशी गुरुवारी. उद्यापासून मी घरी.
पण पाळी सातला संपते
आणि आठ नंबरचं इंजेक्शन साडेसहाचं आहे.
यास्नाला हाक मारते. “वाच. मोठ्याने.”
ती वाचते. मग माझ्याकडे न बघता म्हणते,
“आता तुम्ही.”
कुपी दिव्याला धरते.
पाणी अजूनही पाण्यासारखंच दिसतंय.