ओळ सत्तर

फेगडे बाईंनी तो रिक्षातून उतरवला,
शाळेच्या भंगारातून सोडवलेला, दातांसारखा पिवळा पडलेला संगणक,
आणि माझ्या टेबलावर दोन जळक्या मोटारींच्या मधे ठेवला.
जामनेर रोडला माझं रिवाइंडिंगचं दुकान.
इथं पंप येतात, मिक्सर येतात, मे महिन्यात कूलर तर रांगेनं,
पण कळा पोटावर घेऊन आलेलं हे पहिलंच.
दगा मिस्त्री म्हणाला, "हाई काय शे भो, पेटी?"

यंत्र जिवंत होतं. टूंऽ केलं, मग टुक.
त्याचा ड्राइव्ह मात्र गेलेला, आतला रबरी पट्टा वितळून डांबर.
दुसरा मी जळगावहून आणला, वजनावर.
चौतीस तारांची पट्टी कशीही बसते,
उलटी बसली तर लाल दिवा लागतो तो विझतच नाही.
विझला नाही.
फिरवली. आता दिवाच लागेना:
ड्राइव्ह स्वतःला 'एक' समजत होता
आणि यंत्र 'शून्य, शून्य' म्हणून हाका मारत होतं.
चिमट्यानं जंपर एक घर सरकवला.

घर्र.
पडद्यावर नावं उमटली, आठवी ब.
इंग्रजी सात अक्षरांपुढं यंत्र नाव घेत नसे,
म्हणून गोदावरीचा शेवटचा 'आय' तेव्हाच गळालेला.
बाई हजेरी घेतल्यासारख्या वाचत गेल्या,
सुपडूपाशी थांबल्या.
"हा उघडा."

डिस्क फॉल्ट अठरा.
गोदावरी: अठरा. सगळा वर्ग: अठरा.
नाव सांगतात, आत घेत नाहीत.

तीन रात्री मी बुरशीला दोष दिला.
स्पिरिट, कापूस, पुन्हा स्पिरिट; बायको म्हणाली, दवाखान्याचा वास येतोय.
मग पीजेच्या जुन्या फाटकापाशी चहा पिताना कळलं,
आणि कप तसाच ठेवून आलो.
तबकडीवर चाळीस चाकोऱ्या, ह्या ड्राइव्हची मोजणी ऐंशीची.
पहिली दोघांची एकच, म्हणून नावं दिसली.
पुढचं पाऊल तो अर्धंच टाकायचा
आणि दोन तासांच्या मधल्या बांधावर उभा राहून
पीक कुठं गेलं, विचारायचा.
पाचोऱ्यात हे कुणाला समजावायला नको.
छोट्या रुळावरून मोठ्या रुळावर
पोतं हमालाच्या पाठीवरूनच गेलं आजवर.

मिक्सरचं एक बटण काढून डाग दिला:
एका हाकेला दोन पावलं.

सुपडू उघडला.
पीजेची गाडी कधी पोचेल ते सांगणारा, अकरा ओळींचा.
बाईंनी घातलं: पाचोरा, नऊ दहा.
उत्तर: शेंदुर्णी, सात चाळीस.

"असंच यायचं," बाई म्हणाल्या.
"सगळा वर्ग हसला होता. मी पण.
शून्य दिलं, आणि ओळ वाचलीच नाही."
ओळ सत्तर. अधिकच्या जागी वजा,
एवढंच.

त्यांना ते दुरुस्त करून ठेवायचं होतं.
मी खाचेवर काळी चिकटपट्टी लावली.
बाई, वाचा, लिहू नका ह्याच्यावर.
ह्याचं टोक बारीक, जुनी रेघ रुंद;
मधोमध नवं लिहिलं तरी कडांना जुनं उरतं,
मग जुन्या ड्राइव्हला ना हे कळत, ना ते.

त्या काही बोलल्या नाहीत.
ओळ सत्तर फक्त पडद्यावर बदलली, एका बोटानं.
गाडी दहा चाळीसला पोचली.
बराच वेळ पोचलेली राहिली.
मग त्यांनीच मागं हात घालून बटण बंद केलं.

"आता लावा पुन्हा. त्याचीच."

सात चाळीस.
दगा मिस्त्री वाकून बघत होता.
"भारी शे," म्हणाला,
"तिकीट काढाना आधीच गडी घर पोचना."
बाईंनी तबकडीच्या कागदी पाकिटावर
लाल पेननं काहीतरी लिहिलं, दहापैकी.
किती, ते मला दिसलं नाही. पाकीट उलटं ठेवलं त्यांनी.