पूर्णविरामाच्या जागी

खासबागेतली शाळा, नववी ब.
फळ्यावर मी एक लांबट शेंग काढते.
आत दुसरी भिंत, घड्याघड्यांची,
मागावरून उतरलेलं लुगडं
घाईत पिशवीत कोंबावं तशी.
जागा थोडी, कापड फार.
सगळं काम त्या घड्यांवरच चालतं.

गोकाकचा धबधबा पाहिलाय?
अर्धे हात वर.
तिथे घटप्रभा पडता पडता चाक फिरवते.
इथे भाकरीचं बळ लावून
प्रोटॉन उपसायचे, दोन भिंतींमधल्या बोळात
दाटी करायची. परतीच्या वाटेवर चाक,
सेकंदाला शंभरावर गिरक्या,
गिरकीमागे तीन नाणी.
पेशी ती हातोहात खर्चते.

भरमू हलगेकर उठतो,
"मॅडम, हे पहिल्यापासून आपल्यातलंच काय?"

नाही रे. बाहेरचा जीव.
दीड-दोन अब्ज वर्षांमागे कुणीतरी गिळला
आणि पचवला नाही.
राहिला. बहुतेक कागदपत्रं
हळूहळू मधल्या कचेरीत गेली.
आता तिथून सामान येतं, पत्ता चिकटवलेलं,
दाराशी उलगडून, सुईत दोरा ओवावा तसं
आत ओढून घेतात, मग पत्ता कापून टाकतात.
तेरा प्रथिनांची कृती तेवढी त्याने दिली नाही.
अक्षरं तीच. पण एक जागा अशी,
जिथे कचेरी पूर्णविराम वाचते
आणि तो शब्द वाचून पुढे जातो.

"कन्नडवाला हाय म्हणा की!"
वर्ग हसतो. सातेरी हसत नाही.
खडू माझ्या बोटांत मोडतो.

हे आईकडून येतं, मी सांगते.
बापाकडून थोडं येतं, ते लवकरच मोडीत निघतं.

माझी आई गोकाकची.
लग्नात ताटभर तांदळात अंगठीने लिहिलं
आणि निंगव्वाची नलिनी झाली.
वडगावात चाळीस वर्षं मराठी बोलली,
भांडलीसुद्धा मराठीत.
कांड्या मोजायची मात्र
ओंदु, एरडु, मूरु.
मध्येच कुणी हाक मारली
तर ओ द्यायची नाही.

संध्याकाळी घरी पोचते तर लाइट गेलेली.
चारही माग गप्प.
अंधारात दम लागलेला तिचा श्वास
आत, बाहेर,
आणि मग
"ऊटा आतेन?"

अजून नाही गं, मी मराठीत म्हणते,
आणि पोटात काहीतरी
कन्नडात भुकेजतं.