मंडईनंतरचा मंगळवार

वडशाच्या कंपनीची नायिका मरत होती तेव्हा
तिसऱ्या रांगेत शेषराव खोकलले.
लोकांना वाटलं, गहिवरले.

मध्यंतरात एकाच पन्नीतला खर्रा
चौघांच्या बोटांतून फिरला.
बाहेर थंडी, म्हणून कनाती घट्ट बांधलेल्या;
सातशे माणसांचा श्वास
पहाटेपर्यंत तिथल्या तिथे.

आज आरोग्य केंद्राच्या बाकावर
तीच रांग, जवळजवळ त्याच क्रमानं.
मधे फक्त यमुनाचं लेकरू नवीन,
लस टोचायला आणलेलं,
शेषरावांच्या गुडघ्याला धरून उभं राहायला शिकतंय.

खिडकी उघडा, मी म्हणते.
थंडी बाधते न लेकराले, सिस्टर.

मीही होते त्या रात्री, पाचव्या रांगेत.
भरपूर रडले.
घसा अजून दाटलेलाच आहे,
आणि आता
बाळंतिणींच्या खोलीत राउंड.