अकरा सेकंद

रात्री तीन दहाला सर्व्हर बदलायचा.
शहर तेव्हा गाढ झोपेत असतं,
असं फायलीत मीच लिहिलं होतं.

जुना बंद, नवा चालू.
मध्ये अकरा सेकंद.
कंट्रोल रूममध्ये हेमांगी वाघचौरे
हेडफोन काढून मान मोडत होती.

लॉगमध्ये एकच नोंद: आला, तुटला.
टॉवर अंबड.

माझं काम वायरींपर्यंत.
तरी म्हटलं, हेमांगी, उलटा लाव.

बरीच रिंग गेली. मग बाईचा आवाज, दबका:
"आता नको. गेला तो."
कोण गेला, कुठे, कसा
विचारेपर्यंत तिकडून बंद.

गाडी पाठवली.
मी रकाना भरला:
खंड अकरा सेकंद, मर्यादेच्या आत.

सकाळी द्वारका चौकात
सिग्नलचे आकडे उतरत होते.
अकरा.
किती वेळ लागतो अकराला.