ठराव पहिला

हुडकेश्वरच्या मागे आमचं लेआउट.
समाजभवन अजून नुसती पाटी,
म्हणून मीटिंग निनावेंच्या पोर्चमध्ये, सतरंजीवर.
रजिस्टर माझ्याकडे.

गडरलाईन नाही, तर टॅक्स नाही.
पौनीकर उसळले, "माह्या कूलरच्या टिनालेही
खोली धरली बाप्पा!"
"अन् पाणीकर? नळ कुठी हाय?"
टँकरवाल्याले विचारा, कोणीतरी म्हणालं,
आणि पुढची वीस मिनिटं
नगरसेवकाच्या साळ्यावर खर्च झाली.

मी लिहायला घेतलं: सर्वानुमते

तेवढ्यात गिरजाबाई टेंभुर्णे उठल्या.
थैलीतून दुधाची रिकामी पन्नी,
पन्नीतून पावती.
"मी तं भरला. बावीसशे चाळीस."

काहून भरला? काहून?

"आरएल नाही, रजिस्ट्री नाही,
सातबारा अजून पाटलाच्या नावावर.
घर माह्यं हाय म्हणून
सरकारनं कबूल केलेला हा एकच कागद.
नाव पाहा.
टेंभुर्णेचं टिंबसुद्धा सुटलं नाही."

पावती हातोहात फिरली.
निनावेंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.
कोणाचातरी कूलर घरघरत होता.

उठताना पौनीकर माझ्या कानाशी आले:
"झोन ऑफिसची खिडकी जी,
किती वाजेपर्यंत सुरू राह्यते?"