दोन बटणं

कोठीजवळच्या आमच्या सरकारी छापखान्यात
कटिंग मशीनला दोन बटणं आहेत, हातभर अंतरावर.
दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं.
म्हणजे पातं येताना
मूर्खपणा करायला एकही हात मोकळा नसतो.

हे मी फाल्गुनीला पहिल्या दिवशी सांगितलं.
तिनं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, मग छताकडे.
विचार, म्हटलं, सगळेच विचारतात.
बजेटचा आठवडा, रात्रपाळी,
एका बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचलेली.
मीच खोचलेली. कुणाचं नाव घेऊ?
तर्जनी गेली, मधलं गेलं,
आणि चारशे कागद बाद झाले.
कागदांचा खुलासा माझ्याकडून लेखी मागितला होता.
बोटांचा कुणी मागितला नाही.

प्रशिक्षण झालं होतं की एकदा.
गांधीनगरहून साहेब आले,
पडद्यावर हेल्मेट घातलेला हसरा माणूस.
आमच्याकडे हेल्मेटचं काय काम?
मी मागच्या रांगेत, पंख्याखाली.
सही केली, खमणचं पाकीट घरी नेलं.

म्हणून फाल्गुनीला पडद्याशिवाय शिकवतो.
ओढणी डब्याच्या पिशवीत.
पातं बोथट झालं की आवाज बदलतो,
सुपारी कातरल्याचा जाऊन ओली चिंधी फाटल्याचा येतो,
तो कानाला लागू दे.
उपाशी मशीनवर उभी राहू नकोस.
घरी भांडून आलीस तर मला सांग,
त्या दिवशी नुसत्या घड्या घाल.

मार्चमध्ये परिपत्रक आलं छापायला:
राज्य कर्मचाऱ्यांची सुरक्षा, प्रशिक्षण व आरोग्य.
बत्तीस पानं, चार हजार प्रती, तातडीचं,
सकाळी आठला गाडी.
रात्री अकराला वाघेला सुपरवायझर आले.
वाईट माणूस नाही, त्यांनाही वरून फोन.
बटणाकडे बघून म्हणाले, मोहिते, आजच्यापुरतं...
आणि राहिलेलं वाक्य मला समजलं.
विडी सोडून सहा वर्षं झाली,
खिशातली काडेपेटी सुटलेली नाही.

फाल्गुनी गठ्ठ्यावर वाकून वाचत होती.
छापखान्यात कुणी वाचत नाही, मोजतात.
"काका, पान अकरा," म्हणाली
आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं:
यंत्राची सुरक्षा-योजना
कोणत्याही कारणास्तव निकामी करू नये.
मग मान वर करून, "कोणत्याही, सर."

वाघेलांनी पान घेतलं, चष्मा कपाळावर सारला.
दोनदा वाचलं बहुतेक.
बाहेर जाऊन फोनवर काय बोलले, ऐकू आलं नाही.
परतले ते तीन चहा घेऊन.

गाडी आठला आली, सव्वादहाला भरून गेली.
मधल्या वेळात ड्रायव्हर सेव-उसळ खाऊन आला.
कुणाचं काही अडलं नाही.

वितरण यादीत छापखान्याचं नाव नव्हतं.
कडेनं तिरकी गेलेली एक प्रत मी ठेवून घेतली,
मशीनवरच्या खिळ्याला टांगलीय, पान अकरा उघडं.
जूनमध्ये मी निवृत्त.
तोवर रोज पहिल्या गठ्ठ्याआधी
फाल्गुनी हात वर करून दाखवते, दहा.
मी आठ दाखवतो.
"हिशेब जुळला," म्हणते,
आणि बटणांकडे वळते.